रकान्यात न बसणारी गाडी

सातारा-सांगली पट्ट्यात कुठलीही गाडी कारखान्यातून आली तशी राहत नाही. नवा ट्रॅक्टर दारात आला की नारळ फुटतो, पेढे वाटले जातात आणि दुसऱ्या दिवशी तो टेपवाल्याच्या दुकानापुढं उभा असतो. उसाच्या हंगामात रात्री दोन ट्रॉल्या ओढत कारखान्याकडं निघालेला ट्रॅक्टर तुम्ही पाहिला असेल. त्याआधी तो ऐकला असेल. पहिलं गाणं येतं, मग निळे-हिरवे दिवे, मग झिरमिळ्या, मग 'आईचा आशीर्वाद', आणि या सगळ्याच्या मागं कुठंतरी ऊस असतो.

वडापचंही तेच. जीप बनवणाऱ्यानं कागदावर जेवढी माणसं लिहिली, तेवढी आमच्याकडं मागच्या फळीवर उभी असतात. आतली वेगळी. ड्रायव्हर अर्धा दाराबाहेर बसून चालवतो आणि गिअर टाकायची वेळ आली की शेजारच्याला म्हणतो, "मामा, गुडघा घ्या की वाईच." मामा गुडघा घेतात, तिसरा गिअर पडतो, मामा गुडघा परत ठेवतात. साताऱ्याची एमएच 11 असो, सांगलीची एमएच 10 असो, नाहीतर कराडकरांची वेगळी 50 असो, मूळ गाडीवर काहीतरी चढवल्याशिवाय आम्हाला ती आपली वाटत नाही.

अमेरिकेत हे खूळ उलट्या बाजूनं सुरू झालं. हेन्री फोर्डनं 1908 ते 1927 या काळात मॉडेल टीच्या दीड कोटी गाड्या बनवल्या. पुढं त्या भंगाराच्या भावात मिळू लागल्या आणि कॅलिफोर्नियातल्या पोरांच्या हाती लागल्या. पोरांनी मडगार्डं काढली, बोनेट काढलं, टप कापून खाली बसवला. 1932 साली फोर्डनं सामान्यांना परवडेल असं आठ सिलिंडरचं इंजिन आणलं, ते या सांगाड्यांत बसू लागलं. सुकलेल्या तळ्यांच्या सपाट मैदानांवर ही मंडळी शर्यती लावायची. या गाड्यांना हॉट रॉड म्हणू लागले आणि जानेवारी 1948 मध्ये त्या नावाचं मासिकच निघालं. ज्या कामाला आमच्याकडं "दुसरा उद्योग नाही का?" असं विचारतात, त्याला तिकडं वर्गणीदार मिळाले. पण तिकडं गाडीतून काय काय काढता येईल याचा विचार, आमच्याकडं काय काय चढवता येईल याचा.

हे सगळं मला माहीत असण्याचं कारण आमचे दाजी. ते सांगलीजवळ माधवनगरला राहतात. उभी हयात एका साखर कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त आहेत. निवृत्त मास्तर घराला फार त्रास देत नाही. शुद्धलेखन दुरुस्त करतो आणि झोपतो. निवृत्त फिटरच्या हाताला मात्र पाना लागतो, आणि घरात उघडण्यासारखं सगळं उघडून झालं की त्याची नजर बाहेर जाते. मिक्सर झाला, शिलाई मशीन झालं, बोअरची मोटर दोनदा झाली. मग दाजींच्या नातवानं मोबाईलवर हॉट रॉडचा व्हिडिओ दाखवला.

त्याच आठवड्यात कुणाच्या तरी मळ्यात त्यांना डुक्कर फियाटची बॉडी सापडली. डुक्कर फियाट म्हणजे 1954 साली आपल्याकडं प्रीमियर कंपनीनं आणलेली फियाट 1100. गोलमटोल अंगाची, पुढं नाकाड असलेली आणि पुढची दारं उलटी उघडणारी. समोरून वारा आला की ही दारं आपणहून पाहुण्यांचं स्वागत करत. दाजींना सापडलेल्या बॉडीला इंजिन नव्हतं, तळ नव्हता, काचा नव्हत्या आणि डाव्या दाराला हँडल नव्हतं. आत कोंबड्या होत्या. मालकानं पैसे घेतले नाहीत. "कोंबड्यांची दुसरी सोय करून द्या," एवढंच म्हणाला. दाजींनी त्याला लोखंडी खुराडं बनवून दिलं. गाडीच्या कामातली तेवढी एकच गोष्ट ठरलेल्या वेळेत आणि ठरलेल्या खर्चात झाली.

टेम्पोतून बॉडी अंगणात उतरली तेव्हा दाजींची बायको, म्हणजे आमची अक्का, ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"ह्ये काय आणलंसा?"

"फियाट हाय."

"ही फियाट आसंल तर मी हेमामालिनी हाय."

दाजी पस्तीस वर्षांच्या संसारात जे शिकले होते ते त्यांनी केलं. काही बोलले नाहीत, फीत आणून मापं घ्यायला लागले.

पहिलीच अडचण अशी निघाली की या फियाटला चासी नसते. ट्रकला, जीपला खाली लोखंडाची वेगळी चौकट असते आणि वर बॉडी बसवलेली असते. हिची बॉडी हीच चासी. त्यामुळं तळ कुजला म्हणजे नुसता तळ जात नाही, गाडीच जाते; उरतो तो आकार. दाजींनी आकाराला बूड शोधायचं ठरवलं आणि भंगारातून जुनी वडापची जीप आणली, डिझेल इंजिनासकट. पण त्या जीपच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर 80 इंच, म्हणजे 2,032 मिलिमीटर. फियाटचं 2,340. फूटभराचा फरक. आता जीप लांबवायची की फियाट आखडायची, यावर अंगणात आठवडाभर परिसंवाद चालला.

घरी गाडी बनवण्यातला सगळ्यात मोठा खर्च कशाचा असतो, हे कुठं लिहिलेलं नाही. तो भडंगाचा असतो. ग्राइंडरचा आवाज सुरू झाला की अर्ध्या तासात चौघं कुंपणापाशी येतात. पहिला विचारतो, "किती पडलं?" दुसरा म्हणतो, "ह्यापेक्षा शेकंडहँड आल्टो आली आसती." तिसऱ्याच्या मेव्हण्याकडं कोल्हापुरात असलंच काहीतरी असतं, आणि ते यापेक्षा मोठं असतं. चौथा काही बोलत नाही, पण भडंग तोच संपवतो. एकानं तर इंजिन चढवताना विचारलं,

"दाजी, इंजिन म्होरं टाकताय व्हय?"

"मग काय माडीवर टाकू?"

शेवटी जीपच लांबवली. चासीच्या दोन्ही दांड्या मधून कापून आत चॅनेलचे तुकडे घातले, दोन्ही बाजूंनी पट्ट्या मारल्या आणि टाके दिले. वेल्डिंगच्या बाबतीत दाजी फार कडक. टाका घातला की हातोडीनं कीट झाडायचं, भिंगातून बघायचं, नापसंत पडला तर ग्राइंडर मारून पुन्हा घालायचा. नातू म्हणाला, "आजोबा, दिसणार कुठाय ते?" दाजी म्हणाले, "दिसत न्हाय तितंच मरतंय माणूस." या एका वाक्यासाठी मी त्यांना त्या कोंबड्या, तो टेम्पो आणि भारनियमनाच्या वेळी पहाटे चालवलेला कटर, सगळं माफ केलं आहे.

चासी झाली, बॉडी वर चढली आणि एक गंमत उघडी पडली. हॉट रॉड जमिनीला पोट घासत जाणारा असावा लागतो. जीपच्या चासीवर बसल्यावर आमची फियाट अशी उंच झाली की अक्काला बसायला पाट लागला. डुक्कर फियाटचा वराहावतार झाला होता. दाजींना मात्र त्यात खोट दिसली नाही. "आपल्या रस्त्यांवर ह्येच पायजे," ते म्हणाले. कॅलिफोर्नियातल्या सुकलेल्या तळ्यांच्या मैदानांवर खड्डे नव्हते, हे त्यांना व्हिडिओतच दिसलं होतं.

रंगावरून पुन्हा दोन तट पडले. फोर्डच्या मॉडेल टी बरीच वर्षं काळ्याच निघत, म्हणून नातवाला काळा हवा होता. दाजींना हळदीचा पिवळा हवा होता. सांगलीची गाडी दुसऱ्या रंगाची कशी असेल, हा त्यांचा मुद्दा. अक्का म्हणाली, हळद लावायची तर आधी तिचं कुठंतरी जुळवून द्या, म्हणजे ती एकदाची नांदायला जाईल. पत्र्याचं काम करणारा कारागीर अनुभवी होता. त्यानं आधी लांबी भरून घासून ठेवली आणि म्हणाला, रंगाचं भांडण मिटलं की बोलवा. त्यामुळं गाडी बराच काळ राखाडी होती.

सुट्या भागांसाठी दाजींनी दोन जिल्हे पालथे घातले. "ह्यातली निम्मी गाडी 2019 च्या पुरात पोहत आलीया," असं ते अभिमानानं सांगतात. हेडलाइटसाठी मात्र त्यांनी थेट आमच्या साताऱ्याच्या घराकडं मोर्चा वळवला. आमच्या वडिलांची प्रिया स्कूटर अजून जिन्याखाली आहे. तरुण वाचकांसाठी सांगायला हवं, की प्रिया ही साताऱ्याची लेक. 1975 साली पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज यांनी मिळून महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली आणि तिच्या साताऱ्याच्या कारखान्यातून प्रिया बाहेर पडू लागली. त्या काळात स्कूटरसाठी नंबर लावावा लागे, आणि नंबर लागेपर्यंत लावणाऱ्याचं लग्न होऊन पोरं शाळेत जायची. दाजींनी चहा पिता पिता जिन्याखाली नजर टाकली. वडिलांनी ती नजर ओळखली, उठून जिन्याखालचा दिवा बंद केला आणि म्हणाले, "पाव्हणं, जेवूनच जावा." हेडलाइट निघाला नाही. सातारची गादी इतक्या सहजी हात घालू देत नाही.

हा सगळा खुळेपणा आहे असं म्हणणाऱ्यांना दाजी एकच नाव सांगतात, दत्तात्रय लोहार. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातलं देवराष्ट्रे हे गाव यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. 2021 च्या अखेरीला ते आणखी एका कारणानं देशभर गाजलं. लोहारकाम करणाऱ्या या माणसानं मुलाच्या हौसेखातर भंगारातून साठेक हजार रुपयांत चारचाकी उभी केली. तोंडवळा जीपचा, चाकं रिक्षाची, स्टिअरिंग डाव्या हाताला, आणि सुरू करायची ती दुचाकीसारखी किक मारून. चारचाकीला किक मारणारा माणूस पाहिला की हॉट रॉडवाल्या अमेरिकनानंही टोपी काढली असती. व्हिडिओ पसरला, आनंद महिंद्रांनी पाहिला. ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या तिला रस्त्यावर अडवतील, हे त्यांनी तेव्हाच लिहिलं. आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी 2022 मध्ये अदलाबदल झाली. आमच्या दाजींचं म्हणणं, लोहारांनी घाई केली, ट्रॅक्टर मागायला हवा होता.

या मातीत हे काही नवं नाही. देवराष्ट्र्यापासून थोड्याच अंतरावर किर्लोस्करवाडी आहे. बेळगावात सायकली विकणाऱ्या आणि लोखंडी नांगर बनवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना 1910 साली औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी तिथं जागा दिली. तेव्हा तो नुसता निवडुंगाचा माळ होता. लोखंडी नांगरानं जमिनीला विष बाधतं, असं शेतकरी म्हणत होते, कुंपणापाशी येऊन "किती पडलं?" विचारणारे तेव्हाही असणारच. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या निकामी तोफा किर्लोस्करांना दिल्या. तोफांचे नांगर झाले. भंगारातून काही करणाऱ्याला यापेक्षा मोठा दाखला कुठला हवा? दाजींनी तर फक्त वडापची जीप घेतली.

पण किर्लोस्करांना नांगराचं पासिंग करून घ्यावं लागलं नाही.

2021 साली केंद्र सरकारनं व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले तेव्हा दाजी हरखले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली गाडी व्हिंटेज. तिची व्हिंटेज म्हणून नव्यानं नोंदणी करायला 20,000 रुपये, पुढं ती नोंदणी पुन्हा करायला 5,000, आणि पाटीवर 'व्हीए' ही खास अक्षरं. "एमएच व्हीए!" दाजींनी पाटीसुद्धा रंगवायला टाकली. मग नातवानं पुढची ओळ वाचली. गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार चालणार नाही. शिवाय अशी गाडी रोजच्या वापरासाठी नाही. प्रदर्शन, रॅली, डिझेल-पेट्रोल भरणं, दुरुस्ती असल्या कामांपुरतीच रस्त्यावर आणायची. मूळ स्वरूप म्हणावं तर दाजींच्या गाडीचं मूळ स्वरूप कोंबड्यांचं.

व्हिंटेज नाही, तर मग बदललेली गाडी म्हणावी. तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं. कारखान्यानं दिलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल मालकानं करायचा नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळातल्या एका प्रकरणात हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात नवी तरतूद आली: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागं 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. दाजींनी वहीत हिशेब मांडला. चासी एक, इंजिन एक, गिअरबॉक्स एक, तळ एक, काचा सहा... दुसरं पान लागल्यावर त्यांनी पेन ठेवलं. गाडीपेक्षा दंड भारी निघाला होता.

बदललेली नाही, तर नवी म्हणावी. नव्या गाडीचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासून घ्यावा लागतो. हा नियम वर्षाला हजारो गाड्या काढणाऱ्या कंपन्यांसाठी केलेला. त्यांच्या धडकचाचणीत एक गाडी भिंतीवर आपटली तरी बाकीच्या शिल्लक असतात. दाजींनी विचारलं, "पास झाली तर घरी काय आणू, पाटी?"

कायद्याच्या बाजूनंही बोललं पाहिजे. हा कायदा मूर्खांनी केलेला नाही. घरी टाके मारलेली चासी खंबाटकी घाटात उतारावर सुटली, तर मरणारा बहुधा गाडी बनवणारा नसतो. समोरून येणारा असतो. सायलेन्सरमधून फटाके वाजवत गल्लीतून जाणारी बुलेट पोलिसांनी धरली, की मीही मनातल्या मनात टाळ्या वाजवतो. त्याला दाजींचा हट्ट सांगून सवलत मागता येणार नाही. माझी तक्रार वेगळी आहे. दाजींसारखा माणूस टाका भिंगातून बघतो आणि तपासा म्हणून स्वतः पुढं येतो, तर तपासणाऱ्याच्या कागदावर त्याच्यासाठी रकानाच नाही. ब्रिटनमध्ये घरी बनवलेल्या एकट्या-दुकट्या गाडीची स्वतंत्र तपासणी होते. ब्रेक, दिवे, सीटचे पट्टे, पत्र्याच्या धारदार कडा असं बघून पास किंवा नापास ठरवतात. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत हॉट रॉडच्या नोंदणीची वेगळी सोय आहे. आणि आपल्याकडं रकाने निघतच नाहीत असंही नाही. सातारा जिल्ह्यातल्या फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशींनी बॅटरीवर चालणाऱ्या सायकलरिक्षावर काम केलं, तेव्हा ई-रिक्षा हा शब्द कायद्यात नव्हता. 2015 साली मोटार वाहन कायदा दुरुस्त झाला आणि ई-रिक्षा त्यात आली. राजवंशींना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली. रस्त्यावर पुष्कळ गाड्या झाल्या की कायदा जागा करून देतो. दाजींची अडचण एवढीच की त्यांची एकच आहे.

तोवर ती अंगणात चालते. गोठ्यापासून तुळशीपर्यंत आणि उलटी तुळशीपासून गोठ्यापर्यंत. पहिला गिअर पडतो, दुसरा पडायच्या आत तुळस येते. तिच्या खऱ्या वेगाचा अंदाज अजून कुणालाच नाही, त्यामुळं दाजी तो दर महिन्याला वाढवून सांगतात. गेल्या लग्नसराईत गल्लीतल्या एका नवरदेवानं वरातीसाठी ती मागितली. रस्त्यावर चालवायची नाही म्हणून ती ट्रॉलीत चढवली, ट्रॉली ट्रॅक्टरला जोडली, ट्रॅक्टरवर गाणी लावली. नवरदेव-नवरी फियाटमध्ये, फियाट ट्रॉलीत. रंगाचं भांडण तेव्हा मिटलं. वरातीतल्या उधळलेल्या भंडाऱ्यानं गाडी आपोआप पिवळी झाली, आणि अक्का म्हणाली, "ऱ्हाऊ द्या तसंच." परतल्यावर तिनं स्वतः काच पुसली. आता ती कधीमधी भाजी निवडायला आत जाऊन बसते; म्हणते, वारा चांगला लागतो.

वारा लागतो, कारण डावं दार अजून दोरीनं बांधलेलं आहे. तेव्हा वाचकांना एक विनंती. तुमच्या गावात, मळ्यात, माळ्यावर, कुणाच्या गोठ्यात डुक्कर फियाटच्या डाव्या दाराचं हँडल पडलेलं असेल, तर कळवा. गंजलेलं चालेल. किंमत काय ती एकट्या दाजींना सांगा. अक्का शेजारी असेल तर निम्मी सांगा.